फॉर्म्युलाचा डबा: अंगावरच्या दुधाशेजारी ठेवून पाहिला तर

डब्यावर '१' असा आकडा असलेली, जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी विकली जाणारी फॉर्म्युला पावडर हा या परीक्षणाचा विषय आहे. कंपन्या अनेक आहेत, पण आतला माल फारसा वेगळा नसतो. त्यात काय असावं आणि किती असावं याची चौकट कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संस्थेच्या मानकाने ठरवून दिलेली आहे. म्हणून एका डब्याची दुसऱ्या डब्याशी तुलना करून हाती फार काही लागत नाही. तुलना करायची ती अंगावरच्या दुधाशी, आणि तीही लेबलावरच्या कोष्टकापुरती नाही. पाणी उकळण्यापासून उरलेलं दूध ओतून देण्यापर्यंत जे काही होतं, ते सगळं तिच्यात धरावं लागतं.

आमचं मत आधीच सांगतो. फॉर्म्युला हे बाळाला पोसू शकणारं, विचारपूर्वक बनवलेलं अन्न आहे. ज्या बाळाला ते खरोखर लागतं, त्याच्यासाठी पाणी घातलेलं गाईचं दूध किंवा साखरपाणी त्याच्या जवळपासही येत नाही. पण अंगावरचं दूध येत असताना, किंवा थोड्या मदतीने येऊ शकत असताना, हा डबा घेऊ नये. 'दूध पुरत नाही' म्हणून घरात येणाऱ्या कितीतरी डब्यांमागे दुधाची कमतरता नसतेच. बाळाने स्तन नीट पकडलेला नसतो, एवढंच असतं. आणि ते डबा आणण्याआधी तपासून बघता येतं.

कोष्टकापुरतं पाहिलं तर फॉर्म्युला चांगला उतरतो. दोन्ही दुधांत १०० मिलीला साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. स्निग्धांश आणि लॅक्टोज ही दुधातली साखरही जवळपास सारखीच. प्रथिनांत फरक आहे. आईच्या दुधात १०० मिलीमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिनं असतात, गाईच्या दुधात तीनपटीहून जास्त, आणि बहुतेक फॉर्म्युलांत सव्वा ग्रॅमच्या आसपास. गाईच्या दुधात केसीन हे प्रथिन जास्त, त्याचा पोटात घट्ट गोळा होतो. कारखान्यात व्हे हे दुधातलंच पचायला हलकं प्रथिन मिसळून ते प्रमाण आईच्या दुधाजवळ आणतात, तरी फॉर्म्युलावरच्या बाळाची शी घट्ट आणि कमी वेळा होते. फॉर्म्युलावरची बाळं तीन-चार महिन्यांनंतर वजनात पुढे जाताना दिसतात. ते चांगल्या तब्येतीचं लक्षण समजून अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला घाबरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आणलेले वाढीचे तक्ते अंगावर पिणाऱ्या बाळांच्या वाढीवर बेतलेले आहेत. बाळाची रेष त्या तक्त्यावर बघा.

एका बाबतीत डबा खरंच पुढे आहे, ती म्हणजे ड जीवनसत्त्व. आईच्या दुधात ते फारच कमी असतं. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० आययूचे (आययू हे जीवनसत्त्वाची मात्रा मोजायचं एकक) थेंब द्यावेच लागतात. लोहाचं गणित वेगळं आहे. आईच्या दुधात लोह थोडं असतं पण त्यातलं बरंचसं शोषलं जातं. फॉर्म्युलात कितीतरी जास्त घालतात, कारण त्यातलं थोडंच अंगी लागतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिले काही महिने पोटातून आणलेला साठा पुरतो. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला लोह वेगळं द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतात.

आता डब्यात जे नाही त्याबद्दल. आईच्या दुधात जिवंत पेशी आहेत, लॅक्टोफेरिन आणि लायसोझाइम ही जंतूंशी लढणारी प्रथिनं आहेत, आणि स्रावी आयजीए नावाची प्रतिपिंडं आहेत. ही प्रतिपिंडं घाऊक नसतात. आईच्या आतड्यात किंवा श्वासमार्गात आलेल्या जंतूंची ओळख पटलेल्या पेशी स्तनापर्यंत पोहोचतात आणि नेमक्या त्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडतात. आई आणि बाळ एकाच हवेत, एकाच घरात राहत असल्यामुळे बाळाला ज्या जंतूंशी गाठ पडणार आहे त्यांचाच बंदोबस्त दुधातून येतो. हे वाळवून डब्यात भरता येत नाही. दुसरी गोष्ट दुधातल्या ऑलिगोसॅकराइड या शर्करांची. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर आईच्या दुधात सर्वात जास्त घनपदार्थ याच आहेत, लिटरला ५ ते १५ ग्रॅम, आणि त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार ओळखले गेले आहेत. बाळाला त्या पचतच नाहीत. त्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य आहेत, शिवाय रोगजंतूंना आतड्याच्या भिंतीला चिकटू देत नाहीत. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'एचएमओ' लिहिलेलं असतं, ते यांच्यातला एखाद-दुसरा किंवा फार तर मोजके प्रकार घातले आहेत म्हणून. घातलेलं वाईट नाही, पण त्यावरून 'आईच्या दुधासारखं' हा दावा मान्य करता येत नाही.

याचा परिणाम आजारपणात दिसतो. बेलारूसमध्ये १७,००० हून अधिक आई-बाळांच्या जोड्यांवर झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हाला सर्वात भरवशाचा वाटतो, कारण कोणत्या रुग्णालयात स्तनपानाला जादा आधार द्यायचा हे त्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. आधार मिळालेल्या गटात पहिल्या वर्षात जुलाबाचा आजार झालेली बाळं ९.१ टक्के होती, दुसऱ्या गटात १३.२ टक्के. त्याच मुलांना पुढे तपासलं तेव्हा लठ्ठपणात मात्र फरक सापडला नाही. म्हणून अंगावर पाजल्याने मूल लठ्ठ होत नाही, अशा दाव्यांना आम्ही हात राखूनच मान्यता देतो. जुलाब, न्यूमोनिया, कानाचं दुखणं, झोपेत अचानक होणारा बालमृत्यू, आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांमधला आतडी सडवणारा एनईसी हा आजार, यांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचे पुरावे भक्कम आहेत आणि निर्णयाला तेवढे पुरेत. आईच्या बाजूनेही हिशोब आहे. आयुष्यात एकूण बारा महिने अंगावर पाजलं की स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी उतरतो, आणि हे दर बारा महिन्यांमागे.

मग डबा वापरायची वेळ आली तर? इथे उत्पादनाची खरी परीक्षा होते, आणि बहुतेक चुका कारखान्यात नाही, ओट्यावर होतात.

पहिली गोष्ट म्हणजे पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला तरी नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो. तो क्वचितच सापडतो, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मेंदूज्वरापर्यंत नेऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांनी २००७ च्या मार्गदर्शनात पाणी ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी नको असं सांगितलं आहे. पाणी खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. अनेक डब्यांवर मात्र कोमट पाणी घ्या असं छापलेलं असतं, कारण त्यात घातलेले उपयोगी जिवाणू गरम पाण्याने मरतात. आमच्या दृष्टीने हा या उत्पादनातला सर्वात मोठा दोष आहे. लहान बाळासाठी त्या जिवाणूंचा फायदा अनिश्चित आणि जंतूचा धोका खरा, तर गरम पाण्याचीच बाजू घ्यावी. उलटी थांबवण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या घट्ट फॉर्म्युलाच्या मात्र गरम पाण्यात गुठळ्या होतात. तो डॉक्टरांनी सांगितला असेल तर पाणी किती गरम घ्यायचं हेही त्यांनाच विचारावं.

आता कृती. हात साबणाने धुवा. बाटली, बूच आणि निपल ब्रशने घासून मग पूर्ण बुडेल अशा पाण्यात उकळा; बाटलीत हवेचा बुडबुडा अडकून राहिला तर तेवढा भाग उकळत नाही. बाटली सपाट जागी ठेवा, खाली वाका आणि डोळ्यांच्या रेषेत मापाची खूण धरून आधी पाणी भरा. नंतर पावडर. हा क्रम उलटा झाला तर पावडरने जागा व्यापल्यामुळे खुणेपर्यंत पाणी कमी मावतं आणि दूध दाट होतं. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं, पण काहींचा चमचा मोठा असून तो ६० मिलीचा असतो. म्हणून एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात कधीही वापरू नका. ९० मिली पाण्यात तीन चमचे घातले की सुमारे १०० मिली दूध होतं. पाण्याच्या खुणेपेक्षा दूध वर आलं तर ते बरोबरच आहे.

चमच्याकडे जरा जवळून बघा. पावडर सैल भरायची, दाबायची नाही. मग स्वच्छ, कोरड्या सुरीची मागची धार चमच्याच्या काठावरून एकदा सरळ फिरवायची. डब्याच्या भिंतीवर चमचा दाबून सपाट केला की आतली पावडर ठासली जाते आणि तोच 'सपाट' चमचा जड होतो. शीग लावलेला चमचा तर आणखीनच. तीन चमच्यांत मिळून अर्धा चमचा पावडर जादा जाणं सहज घडतं. असं दाट दूध आठ वेळा दिलं की बाळाच्या मूत्रपिंडावर क्षारांचा भार येतो, शी कडक होते, बाळाला तहान लागते, ते रडतं, आणि भूक लागली समजून त्याला पुन्हा तेच दाट दूध दिलं जातं. उलट डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवलं तर वजन अडतं आणि रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. रात्री चमचे मोजताना आकडा मोठ्याने म्हणावा. मध्येच मोजणी चुकली तर ती बाटली ओतून द्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी.

पावडर घातल्यावर बाटली जोरजोरात हलवू नका, गोल फिरवा. हलवल्याने फेस होतो आणि ती हवा बाळाच्या पोटात जाते. नंतर गार पाण्याच्या भांड्यात धरा. पाणी बुचापर्यंत येऊ देऊ नका. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला की जेमतेम कोमट लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह नकोच. बाहेरून बाटली कोमट लागते आणि मधोमध तोंड भाजेल इतकं तापलेलं असतं. बनवलेलं दूध दोन तासांत संपवावं. आधी करून ठेवायचंच असेल तर लगेच गार करून ५ अंशांच्या खाली, फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवावं, दारात नाही, आणि २४ तासांत वापरावं. बाळाचं तोंड लागलेल्या बाटलीत उरलेलं दूध मात्र परत ठेवायचं नाही. बाहेर जाताना तयार कोमट दूध थर्मासमध्ये नेणं म्हणजे जंतूंना आयतं वाढीचं घर देणं आहे. थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या आणि मोजलेली पावडर वेगळ्या डबीत.

मापाचा हिशोब असा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली. ४ किलोच्या बाळाला ६०० मिली, आठ वेळांत वाटले तर एका वेळी ७५. ही सरासरी आहे, बाटली रिकामी झालीच पाहिजे असा नियम नाही. बाळाने तोंड फिरवलं, मूठ सैल सोडली की थांबावं. बाटली उभी न धरता जवळजवळ आडवी धरावी आणि मध्ये मध्ये निपल काढून दम घेऊ द्यावा. १०० मिली दुधाला सुमारे १३ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यातून जेमतेम ३ लिटर दूध होतं. रोज ७०० मिली पिणाऱ्या बाळाला तो चार दिवसांच्या वर थोडाच पुरतो, महिन्याला सात डबे. डबा घ्यायचा की नाही हे ठरवताना हा आकडा मांडून बघा, कारण तिसऱ्या आठवड्यात पाणी वाढवायचा मोह इथूनच सुरू होतो. शिवाय पुरवठा कारखान्यावर अवलंबून असतो. २०२२ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कारखान्याचं काम थांबलं आणि महिनोन्महिने दुकानांतली फळ्या-कपाटं रिकामी राहिली.

'२' आणि '३' आकड्यांच्या डब्यांबद्दल थोडक्यात. सहा महिन्यांनंतरचं म्हणून मिळणारं खास दूध गरजेचं नाही, असं जागतिक आरोग्य सभेने १९८६ मध्येच नोंदवलं आहे. सहा महिन्यांनंतर घरचं अन्न सुरू होतं. फॉर्म्युला चालू असेल तर वर्षापर्यंत '१' चालतो.

आता ज्याच्याशी तुलना करतो आहोत त्या दुधाकडे. अंगावरच्या दुधाचा खरा तोटा एकच: ते मोजता येत नाही, आणि न मोजता आलेल्या गोष्टीवर घरात कुणाचाच विश्वास बसत नाही. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी काही मिलीच दूध लागतं, आणि तेवढंच दाट, पिवळसर पहिलं दूध येतं. ते कमी नाही, मापाचंच आहे. भरपूर दूध उतरतं ते तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास. तोपर्यंत बाळाचं वजन थोडं घटतं, ७ टक्क्यांपर्यंतची घट सहसा काळजीची नसते, आणि १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. १० टक्क्यांवर घट गेली तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा वेळा शू आणि पिवळी शी होत असेल तर दूध पोटात जातं आहे. रडणं, मुठी चोखणं, संध्याकाळी तासातासाला मागणं यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिणं हे नेहमीचंच आहे. सहा महिन्यांपर्यंत वरून पाणीही लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. दुधात ८७ टक्के पाणीच असतं.

पकड कशी तपासायची? बाळाला पोटाशी पोट लावून धरा, त्याचे कान, खांदा, कंबर एका रेषेत हवेत. मान वळवून पिणाऱ्या बाळाला गिळणं कठीण जातं. स्तनाग्र त्याच्या तोंडासमोर नको, नाकासमोर हवं. वरच्या ओठाला स्तनाग्राचा स्पर्श करा आणि जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबा. मग बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे ओढू नका. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. थोडं भरभर चोखून मग संथ, खोल घोट आणि गिळल्याचा आवाज येऊ लागला की काम झालं. बाळाने सोडल्यावर स्तनाग्र गोल असायला हवं. ते लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं किंवा पांढुरकं दिसलं तर बाळ नुसतं टोक चावत होतं. दुखतं ते त्याचमुळे, भेगा पडतात त्याही त्याचमुळे, आणि स्तन रिकामा होत नाही म्हणून दूध कमी होतं तेही त्याचमुळे. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

दूध दाटून स्तन टणक झाले की गडद भाग ताणला जातो आणि बाळाला धरायला काही उरत नाही. अशा वेळी दोन्ही हातांची बोटं स्तनाग्राभोवती ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेने दाबा. तो भाग मऊ पडतो. नंतर हाताने थोडंसं दूध काढून लगेच बाळाला लावा.

इथेच डब्याचा सापळाही समजून घ्यायला हवा. दूध तयार होतं ते काढलेल्या दुधाच्या प्रमाणात. भरलेल्या स्तनात दूध थांबवणारा संकेत जमा होतो. रिकामा झाला की निर्मिती वाढते. संध्याकाळी ६० मिली फॉर्म्युला दिला की बाळ तीन-चार तास झोपतं, तेवढा वेळ स्तन भरलेले राहतात, आणि दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच कमी येतं. मग ६० चे ९० होतात. पावडरीचा दोष नाही यात, पण 'एकच बाटली' निरुपद्रवी नसते. ती देणं भाग असेल तर आधी दोन्ही बाजूंना पाजा, मग बाटली द्या, आणि त्या वेळचं दूध हाताने किंवा पंपाने काढून ठेवा. ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस आणि उणे १८ अंशांवर सहा महिने चांगलं राहतं. वितळवलेलं पुन्हा गोठवू नका.

काही घरांत डबाच योग्य असतो आणि तिथे आईला एका शब्दानेही बोल लावू नये. बाळाला गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे दुधातल्या साखरेतून येणारं गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार, असेल तर आईचं दूध चालतच नाही; पण लॅक्टोज असलेला नेहमीचा डबाही चालत नाही, लॅक्टोज नसलेला खास फॉर्म्युला डॉक्टरांच्या सल्ल्याने लागतो. आईवर केमोथेरपी किंवा किरणोत्सारी आयोडीनचे उपचार चालू असतील, स्तनाच्या शस्त्रक्रियेमुळे पुरेसं दूध येत नसेल, दूधग्रंथीच पुरेशा वाढलेल्या नसतील, प्रसूतीत खूप रक्तस्राव होऊन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाली असेल, तर फॉर्म्युला म्हणजे बाळाचं जेवण आहे. आणि सगळं समजून घेऊन आईने स्वतःच तसं ठरवलं असेल, तर तिला हवी असते ती वरची कृती आणि दूध बनवायला आणखी एक माणूस.

पकड सुधारल्यावर चालू असलेला डबा बंद करायचा असेल तर एकदम नाही. दिवसभराच्या एकूण फॉर्म्युलातून ५० मिलीच्या आसपास कमी करा आणि दोन-तीन दिवस तिथेच थांबा. शू सहा वेळा होते ना, बाळ तरतरीत आहे ना, हे बघा. दर आठवड्याला त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय वजन करा. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ मिळत असेल तर आणखी ५० कमी करा. नसेल तर मागच्या मापावर परत जा आणि एखाद्या जाणकाराला एकदा बाळ पिताना प्रत्यक्ष बघायला बोलवा.